सोनेरी चॅरिझार्ड खोटा, काळा खरा: पोकेमॉन कार्ड वाचायचं कसं

डिचोलीहून तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: मुलगा पाचवीत आहे, बुटाच्या खोक्यात पोकेमॉनची बरीच कार्डं साठली आहेत. काही म्हापशाच्या बोडगेश्वर जत्रेतल्या फेरीत घेतलेली, काही बोटीवर कामाला असलेल्या मामाने आणलेली, काही शाळेत बदलाबदली करून आलेली. मुलाला वाटतं सोनेरी चॅरिझार्डचे (पोकेमॉनमधला आग ओकणारा प्राणी) लाखो रुपये मिळतील. वर्गातला मित्र म्हणतो, मामाने आणलेल्यातली निम्मी खोटी आहेत. वर पावसात कार्डं वाकली. यात खरं काय, ठेवायची कशी, आणि ‘ग्रेडिंग’, म्हणजे संस्थेकडून कार्डाला गुण, करून घ्यावं का?

तुम्ही पाठवलेले फोटो पाहून निकाल आधी सांगते. तुमच्याकडची सोनेरी आणि चंदेरी कार्डं सगळी खोटी आहेत. मामाने आणलेली, म्हणजे ज्यांचा खालचा भाग फोटोत नीट दिसतो ती, सगळी खरी आहेत. दोन्ही मुलं चुकली, कारण दोघंही कार्डाची चमक आणि चित्र बघतात. मी ही कार्डं जमवते आणि विकतेही, आणि माझी नजर आधी जाते ती तळाच्या बारीक छपाईवर. चित्र कुणालाही चोरता येतं. खालची ओळ, मागचा निळा रंग आणि कागद या तीन गोष्टी एकत्र जमवणं नकल करणाऱ्याला परवडत नाही.

सोनेऱ्यांपासून सुरुवात करू. जत्रेत खाज्याच्या दुकानांच्या पुढे खेळण्यांची रांग असते, तिथे प्लॅस्टिकच्या पारदर्शक डबीत किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात ५५ कार्डांचा गठ्ठा मिळतो. सोनेरी, चंदेरी, काळा, हल्ली इंद्रधनुषीही. एका गठ्ठ्यात ५५ ‘दुर्मिळ’ कार्डं! हाच पहिला पुरावा. खऱ्या इंग्रजी पाकिटात दहा कार्डं आणि सोबत एक एनर्जी (हल्ल्यासाठी लागणारं कार्ड) असते, आणि त्या दहांतली बहुतेक साधीच निघतात. जत्रेतल्या कार्डावर नख मारून बघा: गुळगुळीत, पातळ, वाकवलं की प्लॅस्टिकसारखं सपकन सरळ होणारं. खरं कार्ड कागदाचं असतं आणि वरच्या दर्जाच्या खऱ्या कार्डांवर चित्राच्या रेषांबरोबर फिरणारे बारीक कंगोरे बोटाला लागतात.

‘सोनेरी म्हणजे खोटं’ असं मात्र मुलाला सरसकट शिकवू नका. १९९९ साली अमेरिकेत बर्गर किंगने सोन्याचा मुलामा दिलेली सहा कार्डं काढली होती. २०२१ मध्ये पंचविसाव्या वर्धापनानिमित्त एका महागड्या पेटीत पिकाचू आणि चॅरिझार्डची धातूची सोनेरी कार्डं अधिकृतपणे आली. नेहमीच्या सेटमध्येही (एका नावाने निघालेल्या कार्डांच्या मालिकेत) सोनेरी कार्डं असतात, पण ती कागदावर छापलेली. यातलं काहीही फेरीतल्या डबीत गठ्ठ्याने येत नाही.

आता ‘काळा चॅरिझार्ड’. मित्राचा युक्तिवाद ऐकून मला गंमत वाटली, कारण पोरगं खेळातलं जाणतं आणि तरी फसलं. तो म्हणतो, चॅरिझार्ड आगीचा, मग कार्ड काळं कसं? तुमच्या तिसऱ्या फोटोत तळाला १२५/१९७ लिहिलंय, शेजारी दोन काळ्या चांदण्या आहेत आणि डाव्या कोपऱ्यात सेटची अक्षरं ओबीएफ. म्हणजे ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या ऑब्सिडियन फ्लेम्स सेटमधला चॅरिझार्ड ईएक्स (ईएक्स म्हणजे जास्त ताकदीचं कार्ड). या सेटमध्ये काही प्राण्यांचं मूलतत्त्व मुद्दाम बदललेलं आहे. म्हणून हा चॅरिझार्ड डार्कनेस प्रकारचा, पण त्याचा हल्ला करायला दोन फायर एनर्जी लागतात. आणि त्याची कमजोरी कोणती छापलीय बघा: ग्रास. आग ओकणारा प्राणी गवताला घाबरतो! हे वाचून कुणालाही कार्ड खोटं वाटेल, पण त्या कार्डावर तेच बरोबर आहे. ३३० एचपी (किती मार सोसून प्राणी बाद होतो तो आकडा), तेही बरोबर.

उलट १९९९ च्या इंग्रजी बेस सेटमधला चॅरिझार्ड घ्या. क्रमांक ४/१०२, मित्सुहिरो आरिता यांचं चित्र, १२० एचपी, कमजोरी वॉटर, आणि हल्ल्याला चार फायर एनर्जी. त्याच प्राण्याची दोन कार्डं, एकाचंही गणित दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून ‘चॅरिझार्ड असा असतो’ या आठवणीवर जाऊ नये. सेट आणि क्रमांक घेऊन त्याच क्रमांकाच्या कार्डाचं चित्र शोधावं आणि शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघावं. नकली कार्डांवर नेमकं इथेच बिंग फुटतं: एचपी हजाराच्या घरात, हल्ल्याचं नाव एका प्राण्याचं आणि मजकूर दुसऱ्याचा, एनर्जीची चिन्हं वाकडी, अक्षरं जाड-बारीक.

मामाच्या आणखी काही कार्डांवर एचपीच्या जागी पीएस लिहिलंय, त्यामुळे ती ‘स्पेलिंग चुकलेली’ ठरली. ती स्पॅनिश आहेत. स्पॅनिश, पोर्तुगीज आणि इटालियन कार्डांवर पीएस असतं, फ्रेंचवर पीव्ही, जर्मनवर केपी. बोट ज्या बंदराला लागेल तिथल्या दुकानातून मामाने घेतली असणार. २०२३ पासूनच्या कार्डांवर डाव्या कोपऱ्यात सेटच्या तीन अक्षरांना लागून भाषेची दोन अक्षरं असतात, इंग्रजीला ईएन, स्पॅनिशला ईएस. या भाषांच्या कार्डांची पाठ इंग्रजीसारखीच असते, त्यामुळे पाठीवरून ताडून बघणं सोपं जातं. फक्त आपल्याकडे ती विकायला गेलात तर गिऱ्हाईक कमी मिळेल. खेळायला काहीच अडचण नाही, घरात एकदा अर्थ लिहून ठेवला की झालं.

तळाच्या ओळीत आणखी एक गोष्ट लोकांना हमखास चकवते: साल. जुन्या कार्डांवर १९९५, ९६, ९८ अशी सालं ओळीने छापलेली असतात आणि मग ‘माझ्याकडे १९९५ चं कार्ड आहे, काय द्याल?’ असं विचारणारे मला भेटतात. हा पत्त्यांचा खेळ जपानमध्येच ऑक्टोबर १९९६ मध्ये आला, इंग्रजीत १९९९ च्या जानेवारीत. ती सालं चित्रांच्या आणि नावांच्या हक्काची आहेत. कार्ड कधी छापलं ते ओळीतल्या शेवटच्या सालावरून आणि सेटवरून ठरवावं.

दुर्मिळपणाचं चिन्हही तिथेच. गोल म्हणजे साधं, पत्त्यांतल्यासारखी चौकट म्हणजे मधलं, चांदणी म्हणजे दुर्मिळ. २०२३ पासून चांदण्यांचे रंग आणि संख्या वाढली: दोन काळ्या चांदण्या दुर्मिळातली खालची पायरी (पाकिटांतून बऱ्यापैकी निघतं, म्हणून म्हणते), दोन सोनेरी म्हणजे पूर्ण चित्राचं खास कार्ड. क्रमांक एकूण संख्येपेक्षा मोठा असेल तर डोळे उघडे ठेवा. १५१ नावाच्या सेटमधलं १९९/१६५ हे चॅरिझार्डचं कार्ड त्याचं चांगलं उदाहरण. १६५ कार्डांच्या सेटमध्ये १९९ वं कार्ड ही छपाईची चूक समजून एका पालकांनी ते मुलाला वर्गात वाटून टाकायला सांगितलं होतं. मुलगा शहाणा, त्याने ऐकलं नाही. तुमचा १२५/१९७ मात्र साधा दोन काळ्या चांदण्यांचा आहे, काही शे रुपयांच्या पलीकडे जाणार नाही. त्याच सेटमधला २२३/१९७ असता तर गोष्ट वेगळी.

कागदाची परीक्षा शेवटी करावी. मोबाईलचा टॉर्च मागून लावला की खऱ्या इंग्रजी कार्डातून उजेड फारसा येत नाही, कारण मधल्या थरात काळपट गाभा असतो. नकलीतून बहुधा भसाभस येतो. पण एकटं कार्ड धरून निर्णय देऊ नका, त्याच काळातलं खात्रीचं एखादं साधं कार्ड शेजारी धरा. पाठीचंही तसंच: खरा निळा गडद असतो, नकली फिकट किंवा जांभळट, आणि पोकेमॉन शब्दातल्या इंग्रजी ई वरची तिरकी रेघ पुष्कळदा गायब असते. आकार ६३ × ८८ मिलिमीटर. कार्ड फाडून गाभा बघायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल, तो खऱ्या कार्डांवर वापरू नका एवढंच.

आता वाकण्याबद्दल, कारण गोव्यात खोट्या कार्डांपेक्षा जास्त नुकसान हवा करते. जून ते सप्टेंबर आपल्याकडे आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या घरात असते. चमकणाऱ्या कार्डात एका बाजूला फॉइलचा थर आणि दुसऱ्या बाजूला कागद. कागद ओल पितो आणि फुगतो, फॉइल फुगत नाही. मग मागची बाजू लांबते आणि कार्ड चमकीची बाजू आत घेऊन वाटीसारखं वळतं. साधी कार्डं कमी वळतात, कारण दोन्ही बाजूंना सारखाच कागद. वाकणं हे खोटेपणाचं लक्षण नाही, उलट जत्रेतली प्लॅस्टिकची कार्डं आषाढातसुद्धा ताठ उभी असतात.

वाकलेलं कार्ड बहुधा सरळ होतं. इस्त्री नको, ऊन नको, केस वाळवायचा ड्रायर तर नकोच. फॉइल सुटतं आणि मग ते कायमचं गेलं. कार्ड स्लीव्हमध्ये (कार्डाच्या मापाच्या पारदर्शक पाकिटात) घाला, दोन सपाट पुठ्ठ्यांमध्ये ठेवा, वर थोडं वजन, आणि हे सगळं घट्ट झाकणाच्या रबरी कडेच्या डब्यात सिलिका जेलसोबत (ओल शोषणारे दाणे) ठेवून द्या. ओल हळूहळू निघते, आठवडाभर तरी उघडू नका. डब्यात स्वस्तातलं आर्द्रता मोजायचं यंत्र ठेवलंत तर उत्तम. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये असावा. फार कोरडं केलंत तर कागद आक्रसतो आणि कार्ड उलट्या बाजूला वळतं. सिलिका जेल किती टाकू असं विचारतात, त्याला माझं उत्तर हेच: काटा बघून टाका. रंग बदलणारे दाणे घेतले की कधी भरले ते कळतं, आणि मंद आचेवर तापवून ते पुन्हा वापरता येतात.

बुटाचं खोकं टाकून द्या. पुठ्ठा स्वतःच ओल धरतो आणि त्यात कसर होते, कसरीला कार्डाच्या कडाही चालतात. चिऱ्यांच्या घरात बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट पावसात आतून दमट असतं; डबा आतल्या भिंतीकडच्या कपाटात, मधल्या फळीवर ठेवा. डांबराच्या गोळ्या कपड्यांत ठीक, इथे नकोत, त्यांच्या वाफेने काही प्रकारचं प्लॅस्टिक मऊ पडतं. रबर बँड हा कार्डांचा सगळ्यात जुना शत्रू. गठ्ठ्याच्या पहिल्या आणि शेवटच्या कार्डाच्या कडेला खाच पडते, आणि आपल्या हवेत रबर वितळून चिकटतं. स्लीव्ह घेताना पीव्हीसीची नको, पॉलिप्रॉपिलीनची घ्या. चतुर्थीच्या बाजारात मिळणाऱ्या फोटो अल्बमची चिकट पानं कार्डांसाठी अजिबात वापरू नका. बाइंडर घ्यायचाच तर कड्या नसलेला, बाजूने खिसे उघडणारा. कड्यांचा असला की आतल्या रांगेतल्या कार्डांवर गोल वळ उठतात.

ग्रेडिंगचा नाद सध्या सोडा. पीएसएसारख्या अमेरिकी संस्था कार्डाचे कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि छपाई मध्यावर आहे का हे बघून १ ते १० गुण देतात आणि कार्ड बंद डबीत घालून परत पाठवतात. जाण्या-येण्याचा खर्च, विमा, मध्यस्थाचा वाटा, कस्टम्स, हे सगळं धरलं तर काही शे रुपयांच्या कार्डासाठी तो वेडेपणा आहे. शिवाय बुटाच्या खोक्यात वर्ष काढलेल्या कार्डाला १० मिळणार नाहीत, मिळाले तर मलाच आश्चर्य वाटेल.

मुलाने जो व्हिडिओ पाहिला तो बहुधा लोगन पॉल या अमेरिकी यूट्यूबरच्या पिकाचू इलस्ट्रेटर कार्डाचा असेल. त्या व्यवहाराचा आकडा ५२ लाख ७५ हजार डॉलर सांगितला गेला, २०२२ मध्ये गिनेस बुकातही नोंद झाली. ते कार्ड कधी पाकिटात नव्हतंच. १९९७-९८ मध्ये जपानमधल्या कोरोकोरो मासिकाच्या चित्रस्पर्धेतल्या विजेत्यांना दिलेलं, सगळी मिळून चाळीसच्या आसपास. मुलाला ही गोष्ट नीट सांगा, त्याला ती किमतीपेक्षा जास्त आवडेल. आणि किंमत बघायची झालीच तर विकायला लावलेला भाव बघू नका, प्रत्यक्षात विकलं गेलेल्याचा भाव बघा. मागायला काय, कुणीही काहीही मागतं.

माझा आग्रह मात्र वेगळाच आहे: ही कार्डं खेळायला घ्या. तुमच्या खोक्यात खरी कार्डं आहेत, आणि मुलगा अजून एकही डाव खेळलेला नाही असं तुम्ही लिहिलंय. ६० कार्डांचा डेक, एका नावाची जास्तीत जास्त चार कार्डं, बेसिक एनर्जी हवी तितकी. सुरुवातीला हातात सात, बाजूला सहा प्राइझ कार्डं पालथी. समोरच्याचा प्राणी बाद केला की एक प्राइझ उचलायचं, ईएक्स बाद केला तर दोन. सहाही आधी उचलेल तो जिंकला. समोरच्याकडे मैदानात एकही प्राणी उरला नाही किंवा पाळी आल्यावर ओढायला कार्ड नसलं, तरी डाव संपतो.

मूलतत्त्वांची मजा खेळल्याशिवाय कळत नाही. कमजोरी जुळली की हल्ला दुप्पट लागतो. साधारणपणे आगीला पाणी, पाण्याला वीज, गवताला आग भारी. विजेला फायटिंग भारी, हे मुलांना कोड्यात टाकतं. कारण असं की व्हिडिओ गेममध्ये १८ प्रकार आहेत आणि कार्डांत ते कोंबून दहा-अकरा केलेत. जमीन आणि खडक हे दोन्ही फायटिंगमध्ये घातले, आणि वीज जमिनीत जिरते. बर्फ पाण्यात गेलं, भूत सायकिकमध्ये. फेअरी नावाचा प्रकार काही वर्षं स्वतंत्र होता, २०२० मध्ये तोही सायकिकमध्ये मिसळला. हे एकदा समजलं की मुलगा स्वतःच कार्ड वाचायला लागतो, आणि वाचायला लागलेल्या मुलाला खोटं कार्ड खपवणं अवघड. खेळताना एचपी नऊशे आणि हल्ला पाचशेचा असलं सोनेरी कार्ड डावात घेतलं की दोन मिनिटांत डाव बिघडतो. मग वेगळं समजवावं लागत नाही.

नवीन घ्यायचं असेल तर पाकिटांच्या मागे लागण्याआधी तयार बॅटल डेक घ्या, साठ कार्डं एकत्र येतात. पणजी-पर्वरीकडच्या मोठ्या खेळण्यांच्या किंवा पुस्तकांच्या दुकानात चौकशी करा. आयात केलेल्या मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि महिना-साल यांचं लेबल असायला हवं, कायद्याने बंधनकारक आहे. ते नसेल तर हात आखडता घ्या. पाकिटाच्या वरच्या-खालच्या चिमटलेल्या कडा पुन्हा चिकटवल्यासारख्या दिसत असतील तर परत ठेवा. एखादं ठरावीक कार्ड हवं असेल तर ते सुटं विकत घ्या. पाकिटं फोडत ते मिळवायला गेलात तर कार्डाच्या किमतीच्या कितीतरी पट पैसे जातील.

मामाने आणलेलं एक कार्ड पाच सोनेऱ्यांच्या बदल्यात गेलं, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. परत मागायला हरकत नाही, पण त्या मुलाला लबाड ठरवू नका, त्यालाही आपली सोनेरी खरीच वाटत असणार. त्याच्या आईवडिलांना मला पाठवलेले फोटो दाखवा आणि पाचही परत करा. पुढे घरात एवढा नियम ठेवा की बदलायचं कार्ड एक रात्र घरी येईल, खालची ओळ बघून होईल, मग दुसऱ्या दिवशी व्यवहार.

सहाव्या फोटोत डावीकडचं जे जपानी कार्ड आहे त्यावर बोट आलंय. जपानी कार्डांवर दुर्मिळपणा चांदण्यांऐवजी अक्षरांत असतो, आर, आरआर, एसएआर असा, तोच नेमका झाकला गेलाय. बोट काढून, दिव्याची चमक टाळून, पुढचा तळ आणि संपूर्ण पाठ असे दोन फोटो पाठवा.